वहीत नुसती तारीख

मागच्या अंकात मी आमच्या दादरच्या अभ्यासकेंद्राबद्दल थोडंसं लिहिलं होतं, शाळेवरून मन उडालेली तेरा ते सतरा वयाची मुलं आमच्याकडे येतात, हळूहळू रुळतात आणि मग ओपन बोर्डातून, म्हणजे रोज शाळेत न जाता, दहावी करतात वगैरे, तर त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की सगळ्यांना उत्तर देणं ह्या पानात शक्य नाही. पाच घेतलीयत. नावं काढलीयत, राहायची ठिकाणं तीच ठेवलीयत. बाकीच्यांनी रागावू नका, बऱ्याच जणांचा प्रश्न ह्या पाचांत कुठेतरी आहेच.

भांडुपहून एक आई

ताई, माझा मुलगा नववीत आहे, चौदा पूर्ण झाली. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हापासून रोज सकाळी पोटात दुखतं, डोकं दुखतं, बाथरूममधून बाहेरच येत नाही. आता महिना झाला जातच नाहीये. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. ह्यांचा आवाज चढतो, एकदा हातही उचलला. शाळेतून फोन आला की अटेंडन्स भरत नाही, एलसी घेऊन जा आणि दुसरीकडे बघा. परवा दप्तर आवरताना त्याची सायन्सची वही उघडली. जून ते ऑगस्ट सगळं लिहिलेलं आहे. गणपतीनंतर प्रत्येक पानावर वर तारीख, धड्याचं नाव, खाली पट्टीने रेघ, आणि पुढे पूर्ण पान कोरं. अशी तीस-बत्तीस पानं. मी तिथेच खाली बसून रडले. शेजारच्या म्हणतात ओपन स्कूलला टाका. टाकू का?

*ताई, बाकी सगळं नंतर, आधी त्या वहीबद्दल बोलू. पट्टीने रेघ मारलीय म्हणालात ना. ज्या मुलाला शाळेची पर्वाच नाही तो पट्टी शोधत नाही हो. तीस-बत्तीस दिवस तो वर्गात गेला, वही काढली, तारीख घातली, धड्याचं नाव लिहिलं, म्हणजे आज जमेल असं त्याला रोज वाटत होतं आणि रोज रेघेच्या खाली गेलं की काहीतरी अडत होतं. आळशी, लाडावलेला, मोबाइलने बिघडवला, हे जे काही घरात बोललं जात असेल ते ह्या वहीसमोर टिकत नाही. ही वही त्याच्या बाबांना दाखवा, पण त्याला विचारून दाखवा. त्याची आहे ती.*

*आता गणपतीनंतर काय झालं ते बघायचं. जागा बदलली का, मित्र तुटला का, नवीन सर आले का, युनिट टेस्टचे मार्क वर्गात मोठ्याने वाचले का. समोर बसवून विचारू नका, ह्या वयाची मुलं समोरासमोर काही सांगत नाहीत, शेजारी शेजारी असली की सांगतात. गिरणीत दळण टाकायला बरोबर न्या, ट्रेनमध्ये बाजूला बसा, कपडे वाळत घालताना चिमटे द्यायला सांगा. आमच्याकडच्या एका मुलाने शाळा का सोडली हे आईला आठ महिन्यांनी सांगितलं, तेसुद्धा दोघं मिळून मटार सोलत होते तेव्हा, आणि कारण एवढंच होतं की मोठ्याने वाचताना तो अडखळला आणि वर्ग हसला आणि बाई पण हसल्या. एवढंच म्हणतेय मी, पण त्याच्यासाठी ते एवढंसं नव्हतं.*

*दुसरी शक्यता लिहिण्याचीच आहे. बोलायला हुशार, सगळं समजतं, पण फळ्यावरून उतरवताना मागे पडतो असं आहे का? सातवीपर्यंत अशी मुलं ऐकून ऐकून, पाठ करून निभावून नेतात आणि आठवी-नववीत लिखाण एकदम वाढलं की सापडतात. तसं वाटत असेल तर सायन, केईएम किंवा नायर हॉस्पिटलमध्ये लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी होते, नंबर लागायला वेळ जातो म्हणून लवकर नाव घाला. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ही अडचण रीतसर धरलेली आहे आणि सर्टिफिकेट मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेला जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. लोक काय म्हणतील म्हणून हे टाळणारे आईबाप मी खूप बघितलेत आणि प्रत्येक वेळी मुलाची वर्षं गेलीत.*

*पोटदुखी खरी आहे. नाटक नाही. सोनोग्राफीत दिसत नाही म्हणून ती नाही असं होत नाही, भीती पोटातच बसते, परीक्षेच्या सकाळी आपल्यालाही व्हायचंच की. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, 'मी नसलो तर बरं' असं काहीही त्याच्या तोंडून आलं असेल तर थांबू नका, महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी असते तिथे न्या, आणि त्याच्या आधी घरबसल्या बोलायचं असेल तर टेलिमानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तुम्हीसुद्धा तुमच्यासाठी लावू शकता, आणि लावा.*

*एलसी घाईने आणू नका. एकदा दाखला हातात आला की मुलगा कुठल्याच शाळेचा राहत नाही. आरटीईचं, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याचं, कवच सहा ते चौदा वयाला आणि आठवीपर्यंत आहे, तुमचा मुलगा त्यातून नुकताच बाहेर पडलाय, त्यामुळे तोंडी भांडून उपयोग नाही, लेखी बोला. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून अर्ज द्या, मुलगा आजारी आहे, उपचार चालू आहेत, वर्षअखेरपर्यंत नाव राहू द्या. पोच घ्या, शिक्का मारून घ्या. शाळा 'घेऊन जा' म्हणत असेल तर तेही लेखी द्या म्हणावं, बहुतेक वेळा लेखी म्हटलं की आवाज खाली येतो.*

*आणि ओपन स्कूल. आपण मराठीत मुलांना शाळेत 'टाकतो' किंवा 'घालतो', मला ते शब्द पूर्वी काही वाटायचे नाहीत, आता कानाला लागतात. त्याला कुठेही टाकू नका. त्याच्याशी बोलून, त्याला दोन ठिकाणं दाखवून, त्याने हो म्हटल्यावर बघा. बोर्ड बदललं आणि बाकी सगळं तेच राहिलं, म्हणजे घरी तोच आवाज, क्लासमध्ये तीच घाई, तर वही पुन्हा कोरीच राहणार, फक्त कव्हर बदलेल.*

*आमच्याकडे पहिले सहा आठवडे आम्ही पुस्तक काढतच नाही. शाळा अंगातून उतरायला वेळ लागतो. साडेदहाला मुलं येतात, बाराच जणं असतात, सहा मुलांमागे एक ताई किंवा दादा. चहा मुलंच करतात. एक दिवस फुलबाजारात जाऊन शेवंतीचे भाव विचारून येतात, सकाळचा भाव, दुपारचा भाव, किती माल सडला, आणि मग त्याचंच गणित होतं. पालक विचारतात अभ्यास कधी सुरू होणार. मी म्हणते, तो कोणालातरी आपणहून प्रश्न विचारेल त्या दिवशी. तोपर्यंत तुमच्या घरी एवढंच करा: रोज ठरावीक वेळी उठणं, रोज एकदा बिल्डिंगच्या बाहेर पडणं, आणि घरातलं एक काम पूर्णपणे त्याच्या हवाली. बाबांना सांगा हात उचलायचा नाही, एकदाही नाही. त्यांना भीती वाटतेय मुलाचं काय होणार याची, ती मला कळते, पण मुलाला ती भीती म्हणून दिसत नाही, त्याला फक्त हात दिसतो.*

लालबागहून एक बाबा

मॅडम, मुलगी पंधरा वर्षांची, मराठी माध्यम, नववीत दोनदा राहिली. गणित म्हटलं की रडते. चित्रं मात्र अशी काढते की आमच्या मंडळाचा बॅनर तिनेच केला. ती शाळेत परत जायला तयार नाही आणि खरं सांगायचं तर आता मीही तयार नाही. एनआयओएस, १७ नंबर फॉर्म, राज्याचं ओपन बोर्ड, ट्रेनमध्ये चिकटवलेल्या जाहिराती, यात नक्की काय करायचं?

*तुम्ही मुलीच्या बाजूने उभे आहात हे वाचून बरं वाटलं.*

*ट्रेनमधल्या जाहिराती आधी बाजूला करू. 'दहावी बारावी नापास, घरबसल्या पास, गॅरंटी' असं ज्या स्टिकरवर आहे तिकडे फोनही करू नका. पास होण्याची गॅरंटी कुठलंच खरं बोर्ड देत नाही. पैसे जातात, हातात येणारा कागद पुढे कॉलेजात चालत नाही आणि मुलीचं अजून एक वर्ष जातं, अशी तीन घरं मला स्वतःला माहीत आहेत.*

*१७ नंबर फॉर्म म्हणजे राज्य बोर्डाचीच दहावी, खाजगी विद्यार्थी म्हणून. तोच अभ्यासक्रम, तेच पेपर, फक्त रोज शाळेत जायचं नाही. ज्या मुलांचा अभ्यासाशी वाद नाही, वर्गाशी आहे, त्यांच्यासाठी ठीक आहे. तुमच्या मुलीचा वाद गणिताशी आहे आणि तो इथे सुटत नाही. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पुण्याहून चालतं, पाचवी, आठवी, दहावी, बारावी अशा पातळीच्या परीक्षा घेतं, त्याचीही माहिती घेऊन ठेवा.*

*एनआयओएस म्हणजे केंद्र सरकारची मुक्त शाळा, १९८९ पासून आहे. दहावीसाठी वय चौदा पूर्ण लागतं. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा, आणि गणित घ्यायलाच पाहिजे असं नाही. चित्रकला आहे, गृहविज्ञान आहे, डेटा एंट्री आहे, व्यवसाय अध्ययन आहे. मराठी माध्यमातून दहावी करता येते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या सुमाराला, पास व्हायला ३३ टक्के, आणि सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. एकदा नाव घातलं की पाच वर्षं चालतं, त्या पाच वर्षांत नऊ संधी. ह्यातला खरा फायदा मला हा वाटतो की मुलगी आधी फक्त चित्रकला आणि मराठी देऊ शकते. दोन विषय सुटले की चेहरा बदलतो, मी बघितलंय. दोनदा नापास झालेल्या मुलीला पहिल्यांदा 'पास' हा शब्द स्वतःच्या नावासमोर दिसणं म्हणजे काय ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.*

*शिवाय टीएमए म्हणून घरी लिहून द्यायची असाइनमेंट असते, तिला वीस टक्के वजन आहे, ती मुलीने स्वतः लिहिली पाहिजे. काही सेंटरवाले तयार लिहून देतात. घेऊ नका. अभ्यासकेंद्र मान्यताप्राप्त आहे का ते एनआयओएसच्या वेबसाइटवरच्या यादीत स्वतः बघा.*

*एक गोष्ट मात्र तिला आत्ताच मोकळेपणाने सांगा, गणित आणि विज्ञान सोडलं तर पुढे अकरावी सायन्ससारखी काही दारं बंद होऊ शकतात. आर्ट्सकडे, चित्रकलेच्या शिक्षणाकडे जायचं असेल तर वाट आहे, त्या त्या कॉलेजची अट आधी बघून घ्या. तिला हे माहीत असून तिने निवडलं तर ती निवड तिची. नंतर कळलं तर ती फसवणूक वाटते.*

*आणि बाबा, बोर्ड पोस्टाने घरी येतं, पण माणूस येत नाही. ओपन बोर्डात नाव घातलेली कितीतरी मुलं पहिल्या दोन महिन्यांनंतर पुस्तकं कपाटावर ठेवून झोपून राहतात कारण सकाळी कुठे जायचंच नसतं, कोणी वाट बघत नसतं. त्यामुळे आठवड्यातून निदान चार दिवस ती घराबाहेर कुठेतरी, कुठल्यातरी मोठ्या माणसाच्या हाताखाली असली पाहिजे. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम असो, स्क्रीन प्रिंटिंगवाला असो, लालबागला तर अशा कारागिरांची कमी नाही. माणूस मात्र तुम्ही स्वतः बघून घ्या, नीट ओळखून घ्या.*

कुर्ल्याहून एक मुलगा, वय सोळा

ताई मी नववी अर्ध्यात सोडली, दोन वर्ष झाली. मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात आहे, डिस्प्ले बॅटरी सगळं जमतं, आता बोर्डवरचं काम पण शिकतोय. शेठ चांगला आहे. पण मला दहावी करायची आहे, नाहीतर आयुष्यभर दुसऱ्याच्याच दुकानात. परत शाळेत गेलो तर सगळे माझ्यापेक्षा लहान असतील आणि हसतील. आणि मी दिवसा सुट्टी घेऊ शकत नाही, घरी पैसे द्यावे लागतात. काही होऊ शकतं का?

*होऊ शकतं. आणि तू स्वतः लिहिलंस, कोणी लिहायला लावलं नाही, म्हणजे अर्धं तू केलंच आहेस.*

*रात्रशाळा बघ. मुंबईत ह्या शाळा पिढ्यान्पिढ्या चालत आल्यात, आठवी ते दहावी, संध्याकाळी साडेसहाच्या पुढे भरतात, राज्य बोर्डाचीच परीक्षा. वर्गात तुझ्यासारखीच मुलंमुली असतात, कॅन्टीनमध्ये काम करणारी, डिलिव्हरी करणारी, घरकाम करून येणारी, कोणी पंधराचा, कोणी बावीसचा. तिथे तुझ्या वयाला कोणी हसणार नाही, तिथे उशिरा आलास तरी सर पहिलं विचारतात जेवलास का. 'मासूम' नावाची संस्था २००८ पासून मुंबईच्या रात्रशाळांबरोबर काम करते, पुस्तकं, खाणं, प्रयोगशाळा अशा गोष्टींसाठी. तुझ्या जवळची रात्रशाळा कुठली ते विचारून घे, आणि एकदा नुसता जाऊन बाहेर उभा राहा. आत जावंसं नाही वाटलं तर जाऊ नकोस. सुटताना मुलं कशी बाहेर येतात ते बघ.*

*शेठशी बोल. आठवड्यातून पाच दिवस साडेसहाला सुट्टी, त्याबदल्यात रविवारी सकाळी लवकर येतो, असं काहीतरी स्वतः ठरवून त्याच्यासमोर ठेव. शेठ चांगला आहे म्हणतोस तर ऐकेल.*

*आता विज्ञानाचं सांगते. दहावीच्या विज्ञान भाग एकमध्ये 'विद्युतधारेचे परिणाम' असा धडा आहे. जुन्या पुस्तकवाल्याकडून ते पुस्तक घे आणि आज रात्री तो एकच धडा उघड. शॉर्टसर्किट, फ्यूज, मोटर, हे सगळं त्यात आहे, आणि तू मल्टीमीटर रोज हातात धरतोस. वाक्यं अवघड वाटतील, कारण ती पुस्तकी मराठीत आहेत, पण गोष्ट तुझ्या टेबलावरचीच आहे. जिथे अडशील तिथे पेन्सिलने तुझ्या भाषेत लिही, दुकानात जे म्हणता तेच. आमच्याकडे एका मुलीने रोध (रेझिस्टन्स) ह्या शब्दाच्या पुढे कंसात 'अडवतो तो' असं लिहिलं होतं, आणि पेपरात बरोबर उत्तर लिहिलं.*

*दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड आहे. आणि काही ट्रेड, वेल्डर, वायरमनसारखे, दहावी राहिली तरी मिळतात, तेही लक्षात असू दे. पण तू दहावी कर. मला पुन्हा लिही, रात्रशाळेचं नाव कळव.*

चेंबूरहून एक शिक्षिका

मी अनुदानित शाळेत आठवी-नववीला शिकवते. वर्गात अठ्ठावन्न मुलं. त्यातली पाच-सहा हळूहळू गायब होताना दिसतात, आधी मागच्या बाकावर, मग सोमवारी गैरहजर, मग आठवडाभर. पर्यायी शाळा, छोटे गट, हे वाचून छान वाटतं पण आमच्याकडे ते कसं होणार? सिलॅबस, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, यातून उरलेल्या वेळात मी काय करू शकते?

*मॅडम, मी स्वतः एकोणीस वर्षं अशाच वर्गात उभी होते, त्यामुळे अठ्ठावन्न म्हणजे काय ते मला माहीत आहे. आणि मी काही मुलं गमावली. एकीला गृहपाठ नाही म्हणून मी सलग चार दिवस बाहेर उभं केलं होतं, पाचव्या दिवशी ती आली नाही, मग कधीच आली नाही. नंतर कळलं की आई गावी गेली होती आणि धाकट्या भावंडांचा स्वयंपाक ती करत होती. मी विचारलंच नव्हतं. ते तोंड मला अजून दिसतं.*

*पर्यायी शाळांतून उचलण्यासारखी गोष्ट इमारत किंवा फी किंवा झोपाळे नाहीत. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरात १९९६ ला मेट नावाची सरकारी शाळा सुरू झाली, तिथे साधारण पंधरा मुलांना एक शिक्षक आणि तोच चारही वर्षं, शिवाय आठवड्यातले दोन दिवस मुलं बाहेर खऱ्या कामाच्या जागी. डेसी आणि रायन ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी माणसाला आतून कशाने उभारी येते यावर आयुष्यभर काम केलं, त्यांचं म्हणणं तीन गोष्टींचं आहे: थोडं स्वतःच्या मनाने करता येणं, काहीतरी जमतंय असं वाटणं, आणि कोणीतरी आपलं असणं. मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघा, त्याच्याकडे तिन्हींतलं काय आहे? बहुतेक वेळा एकही नाही.*

*तुम्ही पंधरा मुलं नाही घेऊ शकत, पण तीन घेऊ शकता. शाळेत वीस शिक्षक असतील तर प्रत्येकी तीन म्हणजे साठ मुलं झाली, मुख्याध्यापकांशी बोलून बघा. नाहीच झालं तर तुमची तीन. दारात नाव घेऊन हाक मारायची. रोज दोन मिनिटं, अभ्यासाचं सोडून काहीही, कालची मॅच, घरचं मांजर. गैरहजर असला तर त्याच दिवशी फोन, 'का नाही आलास' नाही म्हणायचं, 'आज दिसला नाहीस' म्हणायचं. आणि प्रत्येकाला एक खरं काम, प्रयोगशाळेची चावी, लायब्ररीचा रजिस्टर, स्पीकरची वायर. उगाच दिलेलं काम मुलांना लगेच कळतं. कामातूनच शिकायचा विषय शाळेतच हवा असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने बसवलेला आयबीटीचा (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) अभ्यासक्रम आहे, आठवी ते दहावीसाठी, महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळांत चालतो, वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक सगळं मुलं हाताने करतात. मुख्याध्यापकांच्या कानावर घालून ठेवा.*

*सकाळी सातची शाळा असेल तर अजून एक. ह्या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येतच नाही, तो हट्ट नसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी नको. आपल्याकडे २०२४ मध्ये सरकारने नऊच्या नंतरचा नियम आणला, पण चौथीपर्यंतच्या मुलांसाठी, म्हणजे ज्यांना सकाळी उठणं त्यातल्या त्यात सोपं त्यांना सूट आणि नववीतला सात वाजता बाकावर. वेळ तुमच्या हातात नाही हे मला माहीत आहे, पण पहिल्या तासाला डुलकी लागलेल्या मुलाला उभं करणं तरी हातात आहे. नका करू.*

*आणि 'बोर्डाचं वर्ष आहे' हे वाक्य आठवडाभर न बोलता बघा.*

गिरगावहून एक आजी

माझा नातू तेरा वर्षांचा, शाळेला जातो पण नुसता जाऊन येतो, आल्यावर खोलीचं दार बंद आणि फोन. सून-मुलगा नोकरीला. मी सातवी शिकलेली, मला आताचा अभ्यास कळत नाही. तुमच्या त्या वेगळ्या शाळा आमच्या वेळी नव्हत्या, मुलं निमूट जायची. हल्लीच हे काय निघालंय? तो माझ्याकडे येतो फक्त मी शिलाई मशीनवर बसले की, उभा राहून बघतो, बोलत काही नाही. मी काय करू?

*आजी, तेव्हाही सगळी मुलं निमूट जात नव्हती, जी जात नव्हती ती कामाला लागायची आणि कोणी मोजायचं नाही. आणि वेगळ्या शाळाही होत्या. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८५५ ला पुण्यात रात्रीची शाळा काढली, दिवसा राबणाऱ्यांसाठी. डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा केली, गुरं राखायला जाणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत तर शाळाच कुरणावर गेली. पाबळचा विज्ञान आश्रम, आत्ता वर म्हटलं तो, डॉक्टर कलबागांनी १९८३ ला सुरू केला आणि शाळा सुटलेली मुलं तिथे वर्षभर राहून हाताने काम शिकतात. कोल्हापूरला लीलाताई पाटलांची सृजन आनंद ही शाळा १९८५ पासून आहे. लडाखमध्ये १९८८ ला सेकमॉल नावाची संस्था सुरू झाली, तिथे दहावीत अडकलेली मुलं स्वयंपाक, गुरं, सौरऊर्जा सगळं मिळून चालवतात. म्हणजे निघालेलं काही नवं नाही, मुलांना पाहिजे ते तेच आहे.*

*आणि तुमच्या घरात ते आहे की. तो मशीनपाशी येऊन उभा राहतो म्हणता. दिवसभरात एवढ्या एकाच जागी तो स्वतःहून येतो. तिथे त्याला फोन ठेव म्हणू नका, शाळेत काय झालं विचारू नका. एक दिवस म्हणा, बाबा मला आता बारीक दिसत नाही, सुईत दोरा ओवून दे. मग बॉबिन भरायला द्या. मग मशीनला तेल कुठे कुठे घालतात ते दाखवा, टाका सैल पडला तर कुठला स्क्रू फिरवायचा ते दाखवा. दोन जुन्या पिशव्या त्याला शिवू देत, वाकड्या शिवेल. तो चुकला की लगेच हात घालू नका, दोरा गुंतला तर त्यालाच काढू दे, अर्धा तास लागला तरी. तुम्ही बाजूला बसून तुमचं दुसरं काही करत राहा, भाजी निवडा.*

*पंधरा दिवसांनी मला लिहा, किंवा तो लिहायला तयार असेल तर त्यालाच लिहू दे.*